कवडूभाऊजींचा डोळा

आमच्या कवडूभाऊजींना उजवा डोळा नाही. त्या जागची पापणी मिटलेली असते आणि तिच्याखाली थोडा खड्डा आहे. सावरगावात याबद्दल कुणी काही विचारत नसे, कारण सगळ्यांना माहीत होतं. नवा माणूस आला आणि त्याची नजर त्या पापणीवर अडखळली, की भाऊजी आपणहून सांगत, "गोटमारीतला आहे जी. पाहून घ्या नीट."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. झाडासाठी दोन्हीकडून दगड, म्हणजे आमच्याकडचे गोटे, सुटतात. हीच गोटमार. डोकी फुटतात, हाडं मोडतात, आणि त्या जखमांची आमच्याकडे लाज वाटत नाही. उलट माणूस ती खूण बाही सरकवून दाखवतो. भाऊजींची खूण तर चेहऱ्यावरच होती, आणि ती त्यांना दोन वर्षांचे व्हायच्या आत मिळाली होती. वडील भिवाजी त्यांना खांद्यावर घेऊन काठावर उभे होते, पांढुर्ण्याकडून गोटा आला आणि पोराचा डोळा गेला, अशी ती गोष्ट. सावरगावात इतक्या लहान वयात गोटा खाल्लेला दुसरा कुणी नव्हता. म्हणून झाड रोवायच्या वेळी गावातली पोरं नारळ भाऊजींच्या हातात देत. भिवाजी वारले, भाऊजी मोठे झाले, लग्न झालं, तरी तो नारळ त्यांच्याकडेच राहिला.

माझी मोठी बहीण प्रेमलता त्यांना दिली तेव्हा मी अकरावीत होतो. आमचं गाव रामाकोना. पाहुणे आले तेव्हा आमचे एक चुलते आत येऊन माझ्या वडिलांच्या कानाशी कुजबुजले, "रामाजी, पोरगा एकाक्ष आहे गा."

बाबा मुद्दामच मोठ्यानं बोलले, बाहेर ऐकू जाईल असे. "रोगानं गेला असता तं मी चहाबी पाजला नसता. हा गोट्यानं गेला. गोट्यानं गेलेला डोळा लेकरात उतरत नाही."

बाहेर सगळे हसले. भाऊजी तर सगळ्यात जोरात. त्यांची आई देवकाबाई मात्र कपातल्या चहाकडे पाहत बसली होती. विहीण फार अबोल दिसते, असं माझी आई नंतर म्हणाली.

भाऊजींचा धंदा संत्र्याच्या कलमांचा. जंबेरीचं, म्हणजे आंबट रानलिंबाचं, रोप वाढवायचं, त्याची साल चाकूनं चिरायची, चांगल्या जातवान झाडाचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट काढून त्या चिरेत बसवायचा आणि पट्टीनं बांधायचा. सौंसरपासून काटोलपर्यंतचे बागवाले त्यांच्याकडे येत. भाऊजी उकिडवे बसून ओळीच्या ओळी सरकत जायचे आणि तोंडानं अखंड बोलत राहायचे. बायका चिडवत, "स्वतःले एक, अन झाडाले हजार बसवून राहिले." त्यावर भाऊजी म्हणत, "म्हणून तं माह्याकडचे रोपं नजर लागल्याशिवाय वाढतात." एका बाबतीत मात्र ते कडक होते. झाडाला डिंक लागलेला असला, पानं पिवळी पडलेली असली, तर मालक कितीही गयावया करो, त्या झाडाचा डोळा ते घेत नसत. "झाडाले दया येत नाही," म्हणत, "जे आहे ते पुढं पाठवते."

त्यांची मुलगी उर्मिला. आम्ही सगळे तिला उर्मी म्हणतो. १९८६ च्या उन्हाळ्यात ती दीड वर्षाची होती. तोवर मी लॅब टेक्निशियनचा कोर्स संपवून नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात लागलो होतो. शरीराच्या तुकड्यांचे पातळ काप काढायचे, रंगवायचे, काचेवर चढवायचे, हे माझं काम. सुट्टीत सावरगावला गेलो की भाऊजी विचारत, "काय साळेबुवा, आज कोनाचा तुकडा कापून आले?"

त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी लाईट गेलेली होती. प्रेमलता कंदील लावून स्वयंपाकघरातून येत होती आणि उर्मी ओसरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेली होती. कंदिलाचा उजेड बाजूनं तिच्या तोंडावर पडला, आणि तिच्या उजव्या डोळ्याची बाहुली पांढरी चमकली. काळी नाही, पांढरी. रात्री मांजराचा डोळा चमकतो तशी. प्रेमलतानं कंदील हलवला तशी ती चमक गेली, पुन्हा हलवला तशी परत आली.

"आई, पाहा बरं इकडं," तिनं सासूला हाक मारली. "पोरीचा डोळा कसा चमकून राहिला. सोन्यावानी दिसते नाही?"

देवकाबाई आली. तिनं नातीची हनुवटी धरली, कंदील जवळ घेतला आणि एकदाच पाहिलं.

"उद्या पहिल्या गाडीनं नागपूर," ती म्हणाली. "मोरेश्वर आहे ना तिथं, त्याच्याकडं न्या."

भाऊजी हसायला लागले. "अवो आई, पोरगी मजेत खेळून राहिली. आधी सावजीबुवाचं अंजन तं घालू." गावातल्या सावजीबुवांच्या अंजनावर स्वतः देवकाबाईचाच भरवसा होता. पोट दुखो, कान वाहो, ती आधी त्यांच्याकडे पाठवायची. पण त्या दिवशी तिनं मुलाला पुढं बोलू दिलं नाही. "अंजन नको, अंगारा नको. नागपूर."

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी, प्रेमलता आणि तिच्या कडेवर उर्मी, असे माझ्या लॅबच्या दारात उभे होते. मी त्यांना डोळ्यांच्या विभागात सुधाबाईंकडे नेलं. या डॉक्टर वयानं फार मोठ्या नव्हत्या, पण मुलांचे डोळे त्या पाहत आणि त्यांच्याकडून येणारे नमुने मी रंगवत असे, म्हणून ओळख होती. बाहुलीत औषध घालून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग प्रेमलताला बसायला सांगितलं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर गाठ होती, कर्करोगाची. तो डोळा काढावा लागणार होता. न काढला तर गाठ मागच्या नसेतून मेंदूत जाणार होती.

प्रेमलता रडली नाही. तिनं उर्मीला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि विचारलं, "काढला तं वाचते?"

"वेळेवर आलात. वाचेल."

मग बाईंनी एक प्रश्न विचारला. घरात, नात्यात, कुणाला लहानपणी डोळ्याचा असा आजार होता का? बोलता बोलता त्या भाऊजींच्या पापणीकडे पाहत होत्या.

"माहा म्हणता का?" भाऊजी सरसावून बसले. एवढ्या वाईट वेळीही त्यांच्या आवाजात थोडा ताठा आला. "माहा गोटमारीत गेला जी. बाप खांद्यावर घेऊन उभा होता, पांढुर्णेवाल्याईचा गोटा आला." आणि त्यांनी सगळी गोष्ट सांगितली.

बाईंनी ती ऐकून घेतली. ऑपरेशन झालं. भुलीत असतानाच त्यांनी उर्मीचा डावा डोळाही तपासला, तो स्वच्छ होता. काढलेल्या डोळ्याचे काप माझ्याच टेबलावर आले. मी काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. निळ्या रंगाच्या गच्च पेशी, पोत्यात ज्वारी भरावी तशा. पण नसेचा कापलेला शेवट मोकळा होता, म्हणजे गाठ पुढं मेंदूकडे गेलेली नव्हती. तो मोकळा पाहिल्यावर मी बाहेर जाऊन चहा प्यायलो, दोन कप.

तीन आठवड्यांनी घरी पाठवताना सुधाबाईंनी भाऊजींनाही खुर्चीवर बसवलं. "तुमचा खड्डा पाहू द्या जरा." त्यांनी पापणी उघडून आत उजेड टाकला. मग मला व्हरांड्यात घेऊन गेल्या.

"मोरेश्वर, दगडानं फुटलेला डोळा सहसा आक्रसून जागेवरच राहतो. हा अख्खा काढलेला आहे, सफाईनं. दगड लागल्यावरही काढावा लागतो कधीकधी, म्हणून मी नक्की सांगू शकत नाही. पण घरी विचारा. यांच्या आई आहेत ना? जर हा डोळा गाठीसाठी काढला असेल, तर मुलीच्या दुसऱ्या डोळ्याचं सगळं गणित बदलतं. दगडानं गेला असेल तर सहा महिन्यांनी आणा. गाठीनं गेला असेल तर आत्ताच पुन्हा तपासायचा आणि दर काही आठवड्यांनी तपासत राहायचा. त्या डोळ्यातही केव्हाही निघू शकते."

ही गोष्ट भाऊजींना कशी सांगावी, हे गाडीत मला सुचलं नाही. सावरगावला पोचलो तर नातीला पाहायला माझे बाबा रामाकोन्याहून येऊन बसलेले. उर्मीच्या डोळ्यावर पट्टी होती आणि ती त्यांच्या टोपीशी खेळत होती. जेवणं झाली. मी सरळ देवकाबाईलाच विचारलं, "मावशी, डॉक्टरनं विचारलं आहे. भाऊजींच्या डोळ्याचं ऑपरेशन कुठं झालं होतं? अन कशासाठी?"

"गोटमारीत गेला," ती म्हणाली. "साऱ्या गावाले माहीत आहे."

"साऱ्या गावाले माहीतच आहे," बाबा म्हणाले.

"मंग ऑपरेशन?" मी विचारलं.

"गोटा लागला, मंग दवाखान्यात नेलं असन. याच्या बापाले माहीत. आता तो काय सांगाले येते?" आणि ती भांडी आवरायला उठली.

भाऊजी माझ्यावर रागावले. "काय साळेबुवा, म्हातारीले कोर्टात उभं करून राहिले का? दोन बुकं शिकले तं माह्या डोळ्याची चौकशी?"

मी बाईंचं म्हणणं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. उर्मीचा डावा डोळा, सहा महिने की आत्ता, सगळं. देवकाबाई पाठमोरी होती, तिच्या हातातलं भांडं घासलं जात होतं, पुन्हा तेच.

तेव्हा प्रेमलता बोलली. भांडणाच्या आवाजात नाही, अगदी साध्या.

"आई, एक विचारू? उर्मीच्या कानाले फोड आला होता तं तुमी मले सावजीबुवाकडं पाठवलं. ताप आला तरी सावजीबुवाच. मंग डोळा चमकला, तं तुमी एकदाच पाह्यलं अन नागपूर म्हटलं. काय आहे म्हणून मले विचारलं नाही, की कोनाले दाखवू म्हटलं नाही. तुमाले कसं कळलं?"

देवकाबाईनं भांडं खाली ठेवलं.

"पाह्यलं होतं मी तसं," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "याच्या डोळ्यात."

ती वळली, पण मुलाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहून बोलत राहिली, जणू मीच तो डॉक्टर होतो. "असंच चमके दिव्यात. मंग डोळा सुजला. मी टोपडं ओढून ठेवो, काजळ माखो, की कोनाले दिसू नये. मामाच्या गावाले जातो असं सांगून निघालो अन मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण म्हणे, डोळ्यात गाठ आहे, डोळा ठेवला तं लेकरू राहणार नाही. याच्या बापानं अंगठा लावला. बरं झालं, परत आलो. स्टेशनावर उतरलो तं रस्त्यानं सारे डोके बांधलेले लोक. तो दिवस गोटमारीचा, आमाले ध्यानातच नाही. याच्या डोळ्यावर पट्टी. एकानं विचारलं, भिवाजी, लेकराले बी लागला का गा गोटा? याच्या बापानं हो म्हणून मान हलवली."

"अन मंग?" भाऊजींनी विचारलं.

"मंग काय. मानच हलवली होती फक्त. आमी घरी पोचाच्या आधी गोष्ट पोचली. अंगणात ही गर्दी. कोनी गूळ आणला, कोनी नारळ. तुह्या बापाले म्हटलं, सांगा खरं. तो म्हणे उद्या सांगतो. उद्या लोक तुह्या पाया पडाले आले. गाठ म्हटलं असतं तं तुह्याजवळ कोनी आपलं लेकरू बसू दिलं नसतं, कवडू. पोरगी कोनी दिली असती?"

बाबा उठून उभे राहिले. "म्हणजे विहीणबाई, मले फसवलं तुमी. भर बैठकीत मी म्हटलं होतं, अन तुमी चहा पीत बसल्या!"

"हो इवाईबुवा," देवकाबाई म्हणाली, "फसवलं."

प्रेमलता म्हणाली, "बाबा, बसा खाली. भांडण कुठं पळून जात नाही. आधी पोरीचं पाहू. सकाळची गाडी कितीची आहे, मोऱ्या?"

भाऊजी मिटलेल्या पापणीवरून बोट फिरवत होते. ते म्हणाले, "मंग माह्यावर कोनी गोटा मारलाच नाही?"

"नाही रे बाप्पा."

"अन मी पांढुर्णेवाल्याईले इतके वर्ष फुकट शिव्या देऊन राहिलो."

कुणी हसलं नाही. तेही हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सुधाबाईंनी उर्मीला पुन्हा भूल दिली. भाऊजी, प्रेमलता आणि मी बाहेर बाकावर. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी टोपीसुद्धा काढलेली नव्हती.

"डाव्या डोळ्यात निघाली आहे एक. अगदी कडेला, मोहरीएवढी. मागच्या वेळी नव्हती. नजरेच्या मधल्या जागेपासून लांब आहे. आत्ताच गोठवून मारते. हा डोळा काढायचा नाही."

"अन सहा महिन्यांनी आलो असतो तं?" प्रेमलतानं विचारलं.

"आलात ना आत्ता," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

नंतर त्यांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. मी प्रयोगशाळेतला माणूस, पेशी रोज पाहत होतो, पण हे इतकं सोपं करून मलाही कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी भाऊजींना विचारलं, "सायकल चालवता?"

"चालवतो जी."

"सायकलला दोन ब्रेक असतात. एक तुटला तरी दुसऱ्यावर सायकल थांबते. आपल्या प्रत्येक पेशीतही वाढ थांबवणारे असे दोन ब्रेक असतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. दोन्ही तुटले की पेशी थांबतच नाही, वाढतच जाते. तीच गाठ. साधारण मुलाला एकाच पेशीतले दोन्ही ब्रेक तुटावे लागतात. असं फार क्वचित होतं, आणि झालं तर एकाच डोळ्यात, एकाच जागी. पण काही मुलं जन्मतःच प्रत्येक पेशीत एक ब्रेक तुटलेला घेऊन येतात. त्यांच्या डोळ्यात इतक्या पेशी आहेत, कुठं ना कुठं दुसरा ब्रेक तुटतोच. म्हणून एका डोळ्यात होतं, दुसऱ्यातही होतं. तुमचा असा एक तुटलेला आहे. तो उर्मीत गेला."

"माह्या सायकलले तं एकही नाही," भाऊजी म्हणाले. "मी पाय घासून थांबवतो."

बाई हसल्या. "पेशीला पाय नसतात. म्हणून आपण पाहत राहायचं. लहान असतानाच सापडली की आपण थांबवायची. मुलं चार-पाच वर्षांची झाली की डोळ्यातला हा धोका जवळजवळ संपतो. मोठेपणी शरीरात दुसरीकडे गाठ वाटली, हाड दुखायला लागलं, तर मात्र अंगावर काढायचं नाही. तुम्हीसुद्धा."

प्रेमलतानं पदर सावरला. "मले तिसरा महिना आहे," ती म्हणाली. "त्याचं काय?"

"नाणं उडवल्यासारखं. तुटलेला ब्रेक त्यात जाईल किंवा चांगला जाईल. अर्धी अर्धी शक्यता. पोटात असताना सांगता येत नाही. जन्मल्यावर लगेच पाहता येतं."

भाऊजी उठून बाहेर गेले. मी मागे गेलो, तर ते जिन्याच्या पायरीवर बसलेले. "मोऱ्या," ते म्हणाले, साळेबुवा नाही, "रोगट झाडाचा डोळा मी आजवर कोनाच्या रोपाले बांधला नाही. मालकाईसंग भांडलो. अन मीच तसा निघालो. आता हे दुसरं..."

प्रेमलता उर्मीला कडेवर घेऊन आमच्या मागे येऊन उभी होती, हे आम्हाला कळलं नव्हतं.

"तुमच्या आईनं तुमाले उपटून फेकलं का?" तिनं विचारलं.

भाऊजींनी मान वर केली.

"नाही ना? दवाखान्यात नेलं ना? मंग आपणबी नेऊ. ते झाडं आहेत, हे लेकरं आहेत. उठा, पोरीले भूक लागली."

त्या वर्षीच्या पोळ्याला मी सावरगावात होतो. दुसऱ्या दिवशी झाड रोवायच्या वेळी पोरं नेहमीसारखी नारळ घेऊन आली. भाऊजींनी हात मागे घेतले.

"माह्या डोळ्याले गोटा लागला नाही. गाठ होती. ऑपरेशननं काढला."

"अबे कवड्या, सकाळीच घेतली का?" एक म्हातारा ओरडला.

"शुद्धीत आहो काका. आईनं सांगतलं."

"म्हातारीचं डोकं फिरलं असन."

"माह्या पोरीले तेच निघालं. डॉक्टरनं दुर्बिणीतून पाह्यलं, या आमच्या साळ्यानं पाह्यलं. विचारा त्याले."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी मान डोलावली. मग गलका सुरू झाला. कुणी म्हणे गावाचा मान घालवला, कुणी म्हणे हे पांढुर्ण्याला कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही. "आता नारळ कोन धरन?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"ज्याले खरंच लागला तो धरन. आपल्याकडं कमी आहेत का?" भाऊजी म्हणाले, आणि हात मोडून कायमचा वाकडा झालेल्या एका सुताराच्या हातात त्यांनी नारळ ठेवला. "अन ऐका. कोनाच्या लेकराची बाहुली दिव्यात पांढरी चमकली, तं गोटा म्हणू नका, नजर म्हणू नका. माह्याकडं आणा. मी नेतो नागपूरले."

पुढं बरेच दिवस लोक त्यांच्याशी तुटक वागले. कलमांची गिऱ्हाइकं मात्र आली, कारण रोपं चांगली होती. थंडीत मोहगावची एक बाई आपलं पोर घेऊन त्यांच्या वाफ्यापाशी येऊन उभी राहिली. त्या पोराला मोतीबिंदू निघाला, गाठ नव्हती. भाऊजींनी ही बातमी मला अशी सांगितली, जणू त्यांच्याच घरात दिवाळी होती.

मुलगा झाला तो १९८७ च्या सुरुवातीला, रामाकोन्याला, आमच्याच घरी. आमच्याकडे बाळंतीण आणि बाळ सव्वा महिना उंबरठा ओलांडत नाहीत. माझी आई म्हणाली, एवढ्याशा जिवाला बाहेरची हवा लागू द्यायची नाही, सव्वा महिना झाला की पाहू. बाबा म्हणाले, हो, रीत आहे. देवकाबाई सावरगावहून आली होती. तिनं काही वाद घातला नाही. बाळाला गोधडीत गुंडाळलं, त्याच्या आणि प्रेमलताच्या कानाला फडकं बांधलं, दोघांना घेऊन अंगणात उतरली आणि बाबांना म्हणाली, "इवाईबुवा, मोटरीले हात दाखवाले चला."

"अवो विहीणबाई, बारसं तरी..."

"बारसं पाहून आल्यावर."

बाबा निमूटपणे टोपी घालून निघाले. त्या दिवसापासून, इतके महिने धरून ठेवलेलं त्यांचं भांडण मला पुन्हा ऐकू आलं नाही.

बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, "एवढं कवळं लेकरू कुठं घेऊन चालल्या जी?"

"डोळे दाखवाले," देवकाबाई खणखणीत आवाजात म्हणाली. "आमच्या घरात डोळ्याच्या गाठीचा रोग आहे. माह्या पोराले होता, नातीले झाला. याले आहे का पाहाचं आहे." ती बाई थोडी सरकून बसली. देवकाबाईनं मोकळ्या झालेल्या जागेत आपली पिशवी ठेवली आणि बाळाचे पाय लांब करून दिले.

दवाखान्यात भाऊजी आणि मी वाट पाहत होतो. सुधाबाई त्या महिन्यात फार खुशीत होत्या. तो तुटणारा ब्रेक, म्हणजे ते जनुक, परदेशातल्या प्रयोगशाळेत नुकतंच वेगळं काढून दाखवलं होतं, आणि त्याबद्दलचा लेख त्यांच्या टेबलावर होता. "आज आपल्या उपयोगाचं नाही," त्या मला म्हणाल्या, "पण तुमच्या नोकरीतच असा दिवस येईल, की रक्ताच्या थेंबावरून सांगता येईल कुठल्या बाळाला तपासायचं आणि कुठल्याला उगाच भूल द्यायची नाही." मला ते तेव्हा खरं वाटलं आणि अजूनही वाटतं. तो लेख मी मागून घेतला, शब्दकोश घेऊन वाचला, निम्मा कळला.

बाळाला पाहायला बाईंना वेळ लागला. प्रेमलता बाकावर बसली होती, भाऊजी भिंतीला टेकून उभे होते. उर्मी त्यांचं बोट धरून होती. तिला आता उजवीकडे नकली डोळा बसवला होता, आणि डाव्या डोळ्यानं ती खोलीतला पंखा, बाईंचं घड्याळ, माझ्या खिशातलं पेन, दिसेल ते दाखवत होती.

"दोन्ही स्वच्छ आहेत," बाई म्हणाल्या.

"म्हणजे नाही त्याले?" भाऊजी भिंत सोडून पुढं आले.

"आज नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा पाहायचं, मग पुन्हा. कळायला वेळ लागेल."

"आज नाही," भाऊजींनी स्वतःशीच म्हटलं. "चालते जी. येऊ आम्ही. म्हणसान तवा येऊ."

देवकाबाई पुढं आली. "मले दाखवता का?"

"काय?"

"तुमी काय पाह्यलं ते. मी दोनदा पाह्यलं आहे, दोन्ही बार पांढरं. चांगलं असते ते कसं दिसते, मले माहीत नाही."

सुधाबाईंनी मला बाळाचं डोकं धरायला सांगितलं. हातातलं दिव्याचं यंत्र त्यांनी देवकाबाईच्या डोळ्याशी धरलं, तिचा खांदा थोडा मागे घेतला आणि बाळाच्या बाहुलीवर उजेड टाकला. देवकाबाईनं एक डोळा मिटला. काही वेळ तिला काही सापडेना. मग तिचं अंग स्थिर झालं.

"लाल आहे वं बाई," ती म्हणाली. "सारं लाल. निखाऱ्यावानी."

"लालच हवं. म्हणजे आतपर्यंत उजेड मोकळा जातो आहे."

"अन हा दुसरा?"

"पाहा ना."

तिनं दुसराही पाहिला. तोही लाल होता. मग पुन्हा पहिला. बाहेर रांगेतली पोरं रडत होती, कंपाउंडर दारात येऊन खोकला, आणि भाऊजी म्हणाले, "आई, दे त्याईचं त्याईले, लोकं थांबून राहिले."

"थांब ना रे," देवकाबाई यंत्रावरून डोळा न काढता म्हणाली. "पाहून राहिले मी."

बाईंनी कंपाउंडरला हातानंच थांबायची खूण केली.